अख्खे नऊ वार, पण कशाचे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. तिच्या कार्यालयात एखादे काम काहीही बाकी न ठेवता केले, की ‘द होल नाइन यार्ड्स’ असे म्हणतात. अलीकडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला. पेशवाई संपल्यानंतर पुण्यात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नऊवारी नेसलेल्या स्त्रिया पाहिल्या, ‘पाचवारीपेक्षा हा पोशाख किती पूर्ण!’ असे त्यांना वाटले आणि त्यातून हा वाक्प्रचार इंग्रजीत गेला, असे त्यात लिहिले होते. वाचून अभिमान वाटला, पण खात्री होईना. हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, खरे नाही. वाक्प्रचाराचा अर्थ आपल्या मुलीने सांगितला तोच आहे. ‘सगळेच्या सगळे, शेवटच्या टोकापर्यंत’ असे म्हणायचे असेल, तर अमेरिकी माणूस ‘अख्खे नऊ यार्ड’ म्हणतो. यार्ड म्हणजे आपला वार. त्यामुळे मराठी माणसाच्या कानावर हा वाक्प्रचार पडला, की डोळ्यांपुढे नऊवारीच उभी राहते, हे अगदी स्वाभाविक आहे. मात्र ऐकताच जी आठवण येते ती त्या शब्दांची व्युत्पत्ती असतेच असे नाही.

तरीही हा मजकूर नुसता हसून बाजूला सारण्यासारखा नाही, कारण आपल्याकडचे कापड आणि कापडाची नावे इंग्रजीत गेली आहेत ही वस्तुस्थिती आहे. ‘पजामा’ गेला, ‘शाल’ गेली, बांधणीवरून ‘बँडाना’ झाला, आणि जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत जो ‘डंगरी’ शब्द आहे त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. कापडाबाहेर पाहिले तर मराठी मुंगूसही ‘मंगूस’ होऊन इंग्रजीत जाऊन बसले आहे. तेव्हा असे घडू शकते का, हा प्रश्न उरत नाही. या वाक्प्रचाराच्या बाबतीत ते घडले का, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ज्या काळात हे घडले असे सांगितले जाते त्या काळात सांगणाऱ्याच्या गोष्टीतले शब्द तरी होते का, ही पहिली. आणि वाक्प्रचार छापलेल्या मजकुरात सर्वांत आधी कुठे व केव्हा दिसतो, ही दुसरी.

पहिल्याच तपासणीत गोष्ट अडखळते. पेशवाई 1818 मध्ये संपली, आणि त्या काळात ‘पाचवारीपेक्षा पूर्ण’ असे म्हणायला पाचवारी होती कुठे? मराठी बायका लुगडे नेसत, आणि लुगडे म्हटले की ते कासोट्याचेच, त्यामुळे त्याला लांबीवरून वेगळे नाव देण्याचे कारणच नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींमध्ये गोल पातळ रूढ होऊ लागले, एकाच घरात सासूचे एक आणि सुनेचे दुसरे असे दोन प्रकार दांडीवर वाळू लागले, आणि मग कोणते ते कळावे म्हणून एक ‘पाचवारी’ व दुसरे ‘नऊवारी’ झाले. हाताच्या पंख्याला ‘हातपंखा’ म्हणण्याची गरज विजेचा पंखा आल्यावर पडली, तसेच हे आहे. त्याआधी लुगड्याची लांबी बोलण्यात यायची ती बहुधा हातांत, वारांत नव्हे. एक वार म्हणजे दोन हात, म्हणजे त्या काळच्या बाईने ‘नऊ’ न म्हणता ‘अठरा’ म्हटले असते.

आणि नऊवारी तरी बरोबर नऊ वार असते का? आपला प्रश्न आल्यावर मी घरातले आत्याचे जुने इरकल लुगडे ट्रंकेतून काढले, दिवाणखान्यात सोफा भिंतीला सरकवून ते सतरंजीवर दोन घड्यांत पसरले आणि शिंप्याच्या टेपने काठाकाठाने मोजले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, म्हणजे 8.23 मीटर. आत्याचे लुगडे 7.80 मीटरला संपले. ते नेसून आत्याने चाळीस वर्षे सणवार केले. आपण अर्ध्या वाराने कमी नेसतो आहोत असे तिला कधी वाटल्याचे आठवत नाही. नावातला ‘नऊ’ हा लुगड्याची जात सांगतो, माप नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता दुसरी तपासणी. वाक्प्रचार भारतातून इंग्रजीत गेला असता, तर तो आधी इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, साहेबांच्या पत्रांत, लष्करी आठवणींत दिसला असता, आणि मग इंग्लंडमध्ये. एतद्देशीय शब्द इंग्रजांच्या तोंडी कसे बसले याचा जो प्रसिद्ध कोश यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये काढला, त्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये साडीची नोंद आहे, या वाक्प्रचाराची नाही. हा वाक्प्रचार भेटतो तो भलत्याच ठिकाणी, अमेरिकेतल्या इंडियाना आणि केंटकी या शेजारशेजारच्या राज्यांतल्या लहान गावांच्या साप्ताहिक-वजा वर्तमानपत्रांत.

दक्षिण इंडियानात मिचेल नावाचे गाव आहे. तिथल्या ‘मिचेल कमर्शिअल’ या पत्राने मे 1907 मध्ये गावातल्या बेसबॉलच्या सामन्याची बातमी दिली. गावचा नेहमीचा संघ व्यापारीमंडळींशी खेळणार होता. व्यापाऱ्यांना झेपतील तितके डाव होतील, पण ‘पूर्ण नऊ यार्डां’ची हमी आम्ही देत नाही, असे बातमीदाराने मिश्कीलपणे लिहिले. बेसबॉलमध्ये डाव नऊ असतात आणि नऊ खेळाडूंच्या संघालाच ‘नाइन’ म्हणतात, त्यामुळे इथे शब्दखेळ आहे हे उघड आहे. पण शब्दखेळ साधायचा तर वाचकाला मूळ वाक्प्रचार आधीपासून ठाऊक असावा लागतो. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, त्याच पत्रात गावातल्या एका गृहस्थाविषयी चार ओळी आल्या. तो मासे पकडायला जाऊन आला आहे, सांगायला मोठी गोष्ट घेऊन आला आहे, पण ती तो रिकामी करीपर्यंत उभे राहायला आमची तयारी नाही. कधीतरी एखादा बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि त्याला तो अख्खे नऊ यार्ड ऐकवील, असा त्यांचा भावार्थ. बातमीदार या मासेवाल्याच्या तावडीत आधी एकदा सापडलेला असणार, असे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

या दुसऱ्या नोंदीत वाक्प्रचार ज्या अर्थाने आला आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इथे यार्ड कापडाचे नाहीत, मैदानाचे नाहीत. ते बोलण्याचे आहेत. आपल्याकडे एखाद्याने ‘चऱ्हाट लावले’ म्हणतात तेव्हा कोणी दोरी किती हात लांब होती हे विचारीत नाही, तसेच.

यानंतरचा पुरावा तर ‘नऊ’लाच धक्का देणारा आहे. केंटकीतल्या माउंट व्हर्नन गावच्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या पत्रात 1912 मध्ये हाच वाक्प्रचार दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा आकडा नऊ नसून सहा आहे. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते, रिपब्लिकन पक्षात माजी अध्यक्ष रूझवेल्ट आणि तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांचे फाटले होते, आणि विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या एका लेखकाने आनंदाने लिहिले, की यांचे भांडण पुरते तापू द्या, मग हे एकमेकांचे ‘अख्खे सहा यार्ड’ सांगून टाकतील. दीडेक महिन्याने दुसऱ्या एका वार्ताहराने, बाहेरगावी गेल्यामुळे या अंकाला सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘अख्खे सहा यार्ड’ देऊ, असे कळवले. 1921 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एका वर्तमानपत्राने मथळाच दिला : ‘त्याचे अख्खे सहा यार्ड’.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी नऊ आणि सहा हे दोन्ही आकडे चालू होते. अर्थात नऊवारीच्या गोष्टीला याही पुराव्यातून वाट काढणारा कोणी निघेल आणि ‘बघा, सहावारीसुद्धा!’ असे म्हणेल. त्याने इंडियाना आणि केंटकीतल्या त्या गावांत 1907 साली साडी कोणी पाहिली होती, हेही सांगावे.

मुळात एखादी लांबी निश्चित अशा वस्तूची असती, तर आकडा असा सैल राहिला नसता. या एका मुद्द्यावर नुसती नऊवारीच नव्हे, तर इंग्रजी भाषकांनी स्वतः रचलेल्या डझनभर गोष्टीही गळून पडतात. त्यांतली सर्वांत लोकप्रिय गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची आहे : मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा सत्तावीस फूट लांब असे, आणि वैमानिकाने शत्रूवर सगळी काडतुसे झाडली, की ‘अख्खे नऊ यार्ड दिले’ असे तो म्हणे. ऐकायला ही गोष्ट चोख वाटते. पण पट्ट्यांची लांबी विमानागणिक निराळी असे, दारूगोळा मोजला जाई तो गोळ्यांच्या संख्येने, आणि 1907 मध्ये तर राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम चार वर्षे झाली होती. दुसरी गोष्ट काँक्रीटच्या ट्रकची, की त्यात नऊ घनयार्ड माल मावतो; काँक्रीट कालवत रस्त्याने जाणारा असा ट्रक 1907 मध्ये अजून यायचा होता. तिसरी अमेरिकी फुटबॉलची. तिथे गाठायचे असतात ते दहा यार्ड, नऊ नव्हेत. तीन डोलकाठ्या आणि प्रत्येकीला तीन आडव्या काठ्या (त्यांनाही इंग्रजीत ‘यार्ड’च म्हणतात) अशी जहाजाची गोष्ट आहे, प्रेताच्या कफनाची आहे, आणि स्कॉटिश माणसाच्या घेरदार किल्टला नऊ यार्ड कापड लागते हीसुद्धा आहे. ठाण्याच्या व्हॉट्सॲप गटावर जसा नऊवारीचा अभिमान फिरतो, तसाच एडिंबरात किल्टचा फिरत असेल.

या गोष्टी इतकी वर्षे टिकल्या याला एक कारण आहे. बराच काळ या वाक्प्रचाराचा सर्वांत जुना छापील आढळ 1960 च्या दशकातला मानला जात होता. त्या दशकात अमेरिकी वायुदल आणि अंतराळ कार्यक्रमातली माणसे तो सर्रास वापरत. 1964 मधल्या एका वर्तमानपत्री लेखात अंतराळवाल्यांच्या बोलीतला शब्द म्हणून ‘प्रकल्पाचा कलमवार अहवाल’ असा त्याचा अर्थ दिलेला आहे. उगम साठच्या दशकाच्या जरासा आधी धरला, की महायुद्धही चालते आणि काँक्रीटही चालते. पुढे जुनी वर्तमानपत्रे मोठ्या प्रमाणावर संगणकावर शोधता येऊ लागली, आणि येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयातले फ्रेड शपायरो व या वाक्प्रचाराच्या मागे वर्षानुवर्षे लागलेल्या बॉनी टेलर-ब्लेक यांच्यासारख्या संशोधकांनी तारखा मागे मागे नेल्या. प्रथम 1956 मधले केंटकीच्या वन्यजीव खात्याचे शिकार-मासेमारीचे मासिक सापडले, 2012 मध्ये ‘सहा यार्ड’ पुढे आले, आणि त्यानंतर मिचेल गावच्या नोंदी. केंटकी पुन्हा पुन्हा येते आणि मासेमारीही पुन्हा येते, हे मला गमतीचे वाटते.

कापडाचा मात्र यात मुळीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. इंडियानातल्याच न्यू ऑल्बनी गावच्या पत्रात जानेवारी 1855 मध्ये ‘न्यायाधीशसाहेबांचा मोठा सदरा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक विनोदी किस्सा छापून आला होता. या साहेबांनी एका बाईकडे सदरे शिवायला सांगितले. तीन सदऱ्यांपुरतेच कापड आणवले होते. शिवून आलेला सदरा त्यांनी अंगात घातला तर तो संपेचना. त्यावर ते ओरडतात, की या मूर्ख बाईने तीन सदरे करायचे सोडून अख्खे नऊ यार्ड एकाच सदऱ्यात घातले! शब्द तेच आहेत, प्रदेशही तोच आहे. पण इथे नऊ यार्ड हे खरोखरच कापडाचे नऊ यार्ड आहेत, आणि हा किस्सा व 1907 यांच्यामध्ये बावन्न वर्षांचे अंतर आहे. ते सांधणारा दुवा हाती नसताना ‘हाच उगम’ असे म्हणणे म्हणजे नऊवारीच्या मजकुराचीच चूक जरा बऱ्या कपड्यांत करणे होय. माझे मत विचाराल तर ते असे : कापड वारावर विकले जाई, लांबलचक गोष्टही ताग्यासारखी उलगडत जाई, म्हणून गावगप्पांत ‘इतके यार्ड ऐकवले’ म्हणायची लकब पडली असावी, आणि आकडा ज्याने त्याने जिभेला रुचेल तो घातला असावा.

प्रश्न : आकडा असाच घातलेला असेल, तर सहा मागे पडून नऊच का टिकला? आपल्या ‘नाकी नऊ’शी याचे काही नाते आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाते नाही, पण तुलना करण्याजोगी आहे. इंग्रजीत नऊ हा आकडा ‘भरपूर’ किंवा ‘परिपूर्ण’ या अर्थाने आधीपासून रुळलेला होता. नटूनथटून आलेल्याला ‘नऊपर्यंत सजलेला’ म्हणतात, आणि त्यातले ‘नऊपर्यंत’ अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडपर्यंत मागे जाते (तिथेही, सुटाला नऊ यार्ड कापड लागे म्हणून, अशी गोष्ट नंतर कोणीतरी चिकटवलीच आहे). फार आनंदात असलेला माणूस आज ‘नवव्या ढगावर’ असतो. काही दशकांपूर्वी तो सातव्या किंवा आठव्या ढगावरही बसत असे. चढत्या आकड्याला असे आकर्षण असतेच. चार दिवसांच्या कौतुकाला इंग्रजीत ‘नऊ दिवसांचे नवल’ म्हणतात, आणि ही कल्पना चॉसरच्या, म्हणजे चौदाव्या शतकातल्या लेखनापासून दिसते. आपल्याकडे त्याच अर्थाचे ‘नव्याचे नऊ दिवस’ आहे. तिथे नऊ आला तो मोजून नव्हे, ‘नवा’ आणि ‘नऊ’ यांच्या नादामुळे आला, हे कोणाही मराठी कानाला कळते.

‘नाकी नऊ येणे’ याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की देहाला नऊ द्वारे आहेत (गीतेनेही देहाला नवद्वारांचे पूर म्हटले आहे), आणि त्या सर्वांतला प्राण गोळा होऊन नाकाशी आला म्हणजे माणूस अगदी जेरीस आला. स्पष्टीकरण सुरेख आहे, परंपरेला धरून आहे, आणि इंग्रजी उदाहरणातल्या गोष्टींपेक्षा पुष्कळ बरे आहे. पण ते पटते म्हणूनच सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत ज्यांचे गणित खरोखर बसते असे आकडेही आहेत. रुपयाचे आणे सोळा होते म्हणून पूर्ण खरे ते ‘सोळा आणे’ खरे. शनी तीन राशींत मिळून साडेसात वर्षे असतो म्हणून ‘साडेसाती’. आणि नागरी लिपीतले ३ आणि ६ हे आकडे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात म्हणून ‘छत्तीसचा आकडा’. याउलट ‘तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत’ म्हणणाऱ्याने पंचावन्न कुठे सोडले हे शोधायला कोणी जाऊ नये, आणि लग्नाला सतराशे विघ्ने येतात तीही कोणी वहीत मांडलेली नाहीत. ‘द होल नाइन यार्ड्स’ची जागा या दुसऱ्या गटात आहे. इंग्रजीत ‘होल’ या शब्दापुढे तसेही काहीही चालते : ‘अख्खा मेणाचा गोळा’ म्हणतात, आणि मेक्सिकन खाण्याची चटक लागल्यापासून ‘अख्खा एंचिलाडा’ही म्हणतात. अर्थ प्रत्येक वेळी एकच, सगळेच्या सगळे.

प्रश्न : मी उपशीर्षकांच्या भाषांतराचे काम करते. ‘द होल नाइन यार्ड्स’ मराठीत कसे आणावे? एका मालिकेत मी ‘संपूर्ण नऊ यार्ड’ असे लिहिलेले पाहिले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तसे लिहू नये, आणि ‘अख्खी नऊवारी’ असे तर मुळीच लिहू नये, प्रेक्षक पडद्यावर साडी शोधीत बसेल. मराठीत या एका वाक्प्रचारासाठी एकच शब्द नेमून ठेवता येत नाही, कारण आपल्याकडे ‘सगळे’ कशाचे, यावर शब्द बदलतो. सोहळ्याविषयी बोलणे असेल, तर ‘साग्रसंगीत’सारखा शब्द नाही, त्यातले ‘साग्र’ म्हणजे टोकासकट, अर्थात पूर्ण, त्यामुळे यार्डांतली लांबीची कल्पनाही नकळत येऊन जाते. सांगण्या-ऐकण्याविषयी असेल, तर ‘अथपासून इतिपर्यंत’ किंवा ‘साद्यंत’. त्या 1964 मधल्या अंतराळवाल्यांच्या कलमवार अहवालाला ‘साद्यंत वृत्तांत’ अगदी फिट्ट बसतो. सांगणारा कंटाळवाणा असेल, तर ‘सगळे रामायण ऐकवले’. मेहनतीविषयी असेल, तर नाम शोधण्यापेक्षा क्रियापदाकडे वळावे : ‘कशात काही कमी ठेवले नाही’, ‘काही म्हणजे काही बाकी सोडले नाही’.

उपशीर्षकात अक्षरे मोजून मिळतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पात्र म्हणत असेल, की बँड होता, फुले होती, घोडागाडी होती, ‘द होल नाइन यार्ड्स’, तर शेवटी एवढेच लिहावे : ‘अगदी साग्रसंगीत!’ आणि मिचेल गावचा तो मासेवाला कधी आपल्या पडद्यावर आलाच, तर त्याच्या तोंडी नव्हे, त्याच्या तावडीत सापडलेल्याच्या तोंडी ‘याने तर चऱ्हाट लावले’ हे द्यावे.